कोरडी गाठ

मु. सोलापूर
ता. १७ नोव्हेंबर १९४३

चि. सौ. प्रेमा हीस शिवलिंगाचे अनेक आशीर्वाद. मामांना शरणार्थ.

सोलापूरचा शिक्का बघून घाबरू नकोस. मी इथं दवाखान्यात आहे, पण कालपासून उठून बसतो. हे पत्र माझ्याच हातानं लिहितोय. तुला ते मामाच, तुझे वडीलच, वाचून दाखवतील, म्हणून जमेल तितकं सुवाच्य काढतोय.

दिवाळीनंतर आठवडाभरानं झालं. आपल्या तामलवाडीच्या जकात नाक्यावर कापडाच्या गाड्या लागल्या होत्या. मी गठ्ठे मोजत उभा होतो. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ओकारी झाली. जे पडलं ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट होतं. तू आपल्या जमादारांना, दस्तगीरमियाँना, ओळखतेस. ते बघायला वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला. अव्वाला निरोप गेला. आईचा जीव, ती धावत आली आणि मला येरमाळ्याकडं न्यायचं म्हणू लागली. कुणाकडं ते तुला सांगायला नको. दस्तगीरमियाँ आजवर अव्वापुढं कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "अम्मा, इसके बदन में खून नै बच्या. येरमाळे तक नै टिकता ये. मैं सोलापूर ले जाताऊं." कापड उतरवलेली एक गाडी परत सोलापूरला निघाली होती. तिच्यात कडबा टाकून त्यांनी मला निजवलं आणि स्वतः माझं डोकं धरून बसले.

इथले डॉक्टर हळबे म्हणून आहेत. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की शौचाला काळं होतं का. मी हो म्हणालो. किती दिवस? दोन महिने. डांबरासारखं, चिकट? हो. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. ते म्हणाले, "ते रक्त होतं. आतड्यातून येता येता काळं पडतं. दोन महिने तुम्ही रक्त गमावत होता आणि गप्प बसलात."

त्यांनी मला कागदावर पोट काढून दाखवलं. पखालीसारखं दिसतं. अन्न जिरवायला त्यात आंबट पाणी सुटतं. माझ्या पखालीला आतून एके ठिकाणी सोलवटून जखम झाली आहे. घास गेला की आंबट पाणी सुटतं, ते जखमेवर जातं आणि आग होते. घास कशाचा आहे, कुणी रांधला आहे, याचा त्याच्याशी फार संबंध नाही. जखम खोल गेली की तिथली शीर उघडी पडते आणि रक्त येतं. माझे वडील, आप्पाही, असेच रक्त ओकून गेले होते, ते मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यांनाही बहुतेक हेच असेल.

त्यांना मी आणखी एक गोष्ट विचारली. त्याबद्दल नंतर लिहीन.

तू चैत्रात गेलीस, त्याला सात महिने झाले. इथं कुणी विचारलं तर माहेरपणाला गेली म्हणून सांगतो. आपली मल्लू आता किती उंच झाली असेल? तिला पोटाचं वगैरे सांगू नका. तुझे अप्पा सोलापूरला कामाला गेलेत म्हणा.

तुझा
शिवलिंग


मु. सोलापूर
ता. १ डिसेंबर १९४३

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी आशा धरायचा मला हक्क नाही, तरी रोज टपालाच्या वेळेला कान दाराकडं जातो. इथला शिपाई आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

ओकारीतून रक्त पडायचं थांबलंय. शौचाचा रंग बदलला. असल्या गोष्टीनं माणसाला एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं. पहिले काही दिवस नुसतं दूध दिलं, दर दोन तासांनी फुलपात्रभर, आणि त्यावर खडूसारखी एक पांढरी पूड. आता मऊ भात आणि दूध. तंबाखू कायमची बंद, चहाही बंद. नाक्यावर माझ्या टेबलाच्या खणात डोकेदुखीच्या पुड्या असायच्या. उन्हात डोकं उठलं की रिकाम्या पोटी दिवसाला तीन-तीन घ्यायचो. डॉक्टर म्हणाले, त्यांनीच पोटाची सालं काढली. वर तंबाखू, सोमवारचा उपास, बाकीच्या दिवशी दोन वाजता जेवण. "एवढं सगळं केल्यावर पोटानं काय करावं?" असं म्हणून हसले.

माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडचा एक शेतकरी आहे. त्याला आव पडते. त्याची बायको पाणी उकळून, गाळून, गार करून त्याला पाजते. दोघं एकमेकांशी फार बोलत नाहीत. ती पेला धरते, तो पितो, ती तोंड पुसते. मी भिंतीकडं तोंड करून पडतो.

प्रेमा, गेल्या वर्षीच्या श्रावणापासून मी ताट सारायला लागलो. दोन घास खाल्ले की उठायचो. तुला वाटलं तिखट जास्त होतंय. तू तिखट कमी केलंस. मग तेल कमी केलंस. मग अव्वाला दमानं विचारलंस की यांना लहानपणी काय आवडायचं. मी सांगू शकलो असतो की जेवलो की आग पडते. सांगितलं नाही, कारण आप्पांचं असंच सुरू झालं होतं. तोंडातून शब्द निघाला की ते खरं होईल, असं वाटायचं. तू ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून द्यायला लागलीस, आणि त्या मला सोसायच्या. रोज कण्याच मागायला लागलो. त्याचाच अव्वानं अर्थ काढला. "त्याला दुसऱ्या कशाची चव लागंना झाली. कण्यातनंच काहीतरी चारलंय तिनं."

डॉक्टरांना मी विचारलं ते हेच. बायकोनं नवऱ्याला ताब्यात ठेवायला अन्नातून काही चारलं, तर असं होतं का? विचारताना लाज वाटली, तरी विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, जगात कुठल्याही बाईच्या हातात असली विद्या नाही. मग विचारलं, "तुमच्या बायकोला तुम्ही असं म्हणालात का?" मी म्हणालो, आई म्हणाली.

हे मी त्यांच्याशी खोटं बोललो. अव्वा म्हणाली हे खरं, पण त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर, "आधी तू खा, मग मी खातो," हे मी म्हणालो. मामा, प्रेमा तुम्हाला हे बोलली असेल किंवा नसेल. मल्लू समोर बसली होती. प्रेमा पुढं सरकली. माझ्या ताटातला घास तिनं उचलला, खाल्ला, पाणी प्याली आणि माझ्याकडं बघत बसली. किती वेळ बघत होती मला माहीत नाही. मी त्यानंतर जेवलो. सकाळी ती आणि मल्लू तुमच्याकडं ईटला जाणाऱ्या गाडीत होत्या, आणि मी हातावर तंबाखू मळत ओट्यावर उभा होतो.

थांब म्हणालो असतो तर तू थांबली असतीस का? हा प्रश्न मी इथल्या छताला रोज विचारतो.

तुझा
शिवलिंग


मु. तामलवाडी
ता. २६ डिसेंबर १९४३

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद. मामांना शरणार्थ.

मामा, तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी होत्या, त्या तोंडपाठ झाल्या आहेत. धाकट्या पार्वतम्माची कल्याणप्पांकडची सोयरीक मोडली हे वाचलं. थोरलीनं नवऱ्याला चारलं, त्या घरातली धाकटी कशाला करायची, असं ते म्हणाले, हे तुम्ही लिहिलंत. मला शिवी दिली नाहीत. दिली असती तर बरं झालं असतं.

शेवटची ओळ प्रेमाची होती. "दर दोन तासांनी दूध कोण देतं, ती विचारते."

प्रेमा, तेवढी एक ओळ घेऊन मी नाक्याच्या मागच्या लिंबाखाली गेलो आणि बराच वेळ तिथंच होतो.

अव्वा देते. नाक्यावर पहारेकरी तासाचे टोले देतो, त्यावर ती वेळ धरते. दोन टोले चुकले की दूध घेऊन नाक्यावरच येते, लोकांसमोर उभी राहते आणि मी पिईपर्यंत जात नाही. दूध, मऊ भात, कधी मुगाचं कढण. तिखट नाही. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, कण्या देऊ का? मी हो म्हणालो. तिनं शिजवल्या, आणि माझ्यापुढं ठेवताना तिला आणि मला एकच गोष्ट आठवली असणार, कारण दोघांनीही मान वर केली नाही. तिच्या कण्यांत गाठी होतात. तुझ्या मोकळ्या व्हायच्या. तू आधी कशात भिजवायचीस हे मी कधी विचारलं नाही. कितीतरी गोष्टी विचारल्या नाहीत. तुझी जागा रिकामी आहे असं म्हणायला जावं तर जागाच सापडत नाही, सगळ्या घरात तू उठबस करायचीस.

आता पुढचं. मामा, इथून पुढं तुम्हाला वाचणं जड जाईल. तरी थांबू नका, तिला ऐकू द्या.

ताटाच्या त्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी अव्वा मला येरमाळ्याच्या पलीकडं एका वाडीत घेऊन गेली होती. तिथं एक माणूस चारलेलं काढून देतो म्हणून लोक जातात. त्यानं मला कसलातरी काढा पाजला. तो पोटात गेल्याबरोबर सुरी फिरल्यासारखं झालं आणि मी भडाभडा ओकलो. पाणी, आंबट कढ, शेवटी रक्ताची रेघ. मी गुडघ्यावर होतो. तो माझ्या तोंडापुढं हात धरून मंत्र म्हणत होता. मग त्यानं मूठ उघडून सगळ्यांना दाखवली. केसांची आणि दोऱ्याची सुपारीएवढी गाठ होती. "ही निघाली. घरातल्याच बाईचे केस हायेत." अव्वा रडायला लागली. सोबत आलेल्या दोन बायकांनी ते पाहिलं आणि तिथूनच ही गोष्ट गावोगाव गेली.

ती गाठ त्यानं माझ्या तळहातावर ठेवली होती. ती कोरडी होती.

माझी छाती भिजली होती. त्याचा हात मनगटापर्यंत भिजला होता. आणि माझ्या पोटातून निघालेली गाठ कोरडी होती. केस सुटे सुटे होते, भुरभुरत होते. मी नाक्यावर काम करतो. गाडीत काय लपवलंय हे मला गाडीवानाच्या चेहऱ्यावरून कळतं. मला त्याच क्षणी कळलं.

तरीही मी गप्प बसलो. कारण गाठ खोटी असेल तर माझ्या पोटात जे होतं ते आप्पांचंच होतं. मग मी मरणार होतो. गाठ खरी असेल तर ती निघाली, मी बरा झालो. मरणाच्या भीतीनं मी तुला दोषी ठरू दिलं. आणि दुसऱ्या दिवशी ताटावर जे म्हणालो, ते संशयानं म्हणालो असं तुला वाटलं असेल. संशय नव्हताच. दुखणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि कुणावर तरी ते टाकायचं होतं.

अव्वाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ही एवढी गोष्ट मी आजवर डॉक्टरांनाही सांगितलेली नाही.

मामा, तुम्ही चार माणसं बोलवा. कल्याणप्पांना बोलवा, स्वामींना बोलवा. मी संक्रांत झाल्यावर येतो आणि त्यांच्यासमोर हे बोलतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणतो. मला जेवायला घालू नका, उतरायला जागा देऊ नका, पण बोलू द्या.

शिवलिंग


मु. तामलवाडी
ता. ९ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. प्रेमास अनेक आशीर्वाद.

तुमच्या ओसरीवर जे बोलणं झालं ते तू आतून ऐकत होतीस, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. दारातून जे दिसलं नसेल तेवढं लिहितो.

डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचायला स्वामींच्या हातात दिली. काळ्या शौचाचं सांगताना माणसं खाली बघायला लागली. असलं कुणी चारचौघांत बोलत नाही. कोरड्या गाठीचं सांगितल्यावर कल्याणप्पांनी विचारलं, "हे ठाऊक होतं, तर इतके महिने का गप्प बसलात?" मी म्हणालो, भ्यालो होतो. त्यांच्या मुलाचं आता बार्शीकडं ठरलंय, ते काही मोडणार नाही. पार्वतम्माला मी तोंड दाखवू शकलो नाही. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली.

हे झाल्यावर मी गाडीपाशी आलो तर कल्याणप्पा मागून आले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "आमच्या मंडळींच्या पण पोटात दुखतंय. वर्स झालं. तिलाबी काळं होतंय. आमी देवरुशाकडं नेतोय." मग थोड्या वेळानं, "तो डॉक्टर सोलापुरात कुठं बसतो?" मी कागदावर पत्ता लिहून दिला. दस्तगीरमियाँच्या नावानं दुसरी चिठ्ठी लिहिली, म्हणजे नाक्यावर अडकायला नको. तंबाखूच्या मिसरीचं आणि उपासाचं सांगितलं. त्यांनी कागद पागोट्यात खोचला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

मल्लू माझ्याजवळ आली नाही. खांबाला धरून उभी राहिली. निघताना तिनं विचारलं, "तुमचं पोट बरं झालं का?" प्रेमा, ती 'तुमचं' म्हणाली. ती मला अप्पा, तू, तुझं असं म्हणायची. कुणी शिकवलं तिला? कुणी शिकवलं नसणार. दहा महिन्यांत मी तिला परका पाहुणा झालो.

मग तू दारात आलीस. इतक्या दिवसांनी तुला समोर पाहिलं, आणि मला फक्त एवढंच दिसलं की तू वाळलीस. तू म्हणालीस, "तुम्ही बोललात. अव्वा न्हाय बोलल्या. मला न्यायचं आसंल तर त्यांनी यावं, तुम्ही नगं." आणि आत गेलीस. परतीच्या सगळ्या वाटेनं गाडीच्या चाकांतून मला तेच ऐकू येत होतं.

घरी आल्यावर मी अव्वाला हे सांगितलं. कोरड्या गाठीचंही सांगितलं. ती चूल सारवत होती. हात थांबले नाहीत. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, पण दूध मात्र टोल्याला टोला येत होतं.

परवा दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मला असं काही सांगितलं, जे मी बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आप्पा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तेव्हा गावानं तिलाच बोल लावला होता. म्हणाली, "तुझ्या बापाला रगत पडलं तवा सासू म्हणाली, इरम्मानं चारलं. म्या न्हवतं चारलं. मला ठावं होतं म्या न्हवतं चारलं. मग दुसऱ्या कुणीतरी चारलं आसंल, आसं धरून बसले. तीस वर्सं त्या बाईला हुडकत होते." मग बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली. "तुझा डाक्टर म्हणतो, कुणीच न्हाय चारलं?"

मी म्हणालो, "कुणीच नाही, अव्वा."

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग तिला काय झालं आसंल, ते मला कळायला पायजे होतं. दुसऱ्या कुणाला न का कळंना."

आज सकाळी तिनं लुगडं बदललं, चार भाकरी फडक्यात बांधल्या, कपाळाला विभूती लावली आणि मला विचारलं की येरमाळ्याची मोटार तुळजापुराहून किती वाजता सुटते. मी सोबत येतो म्हणालो. नको म्हणाली. तू पथ्याचा माणूस, वाटेत दूध कोण देणार? दस्तगीरमियाँनी माझ्या दुधाचं शेजारणीला सांगून ठेवलंय. माझं आता तसं बरं आहे. डॉक्टरांनी महिन्याभरानं भाकरीचा पापुद्रा खायला सांगितलंय.

हे पत्र तिच्याच हातानं धाडतो आहे. तिला वाचता येत नाही आणि यात काय आहे हे तिनं विचारलंही नाही. ती तुझ्याशी काय बोलेल मला ठाऊक नाही. कदाचित नीट बोलता येणार नाही. तिला चुकीची माफी मागायची सवय नाही, आणि साठीला आलेल्या बाईला ती एकदम येत नाही. ती एकटी, मोटारीतून आणि पुढं बैलगाडीतून, एवढ्या लांब कधी गेलेली नाही. तिला आधी बसू दे, पाणी दे. पुढचं तुम्ही दोघींनी ठरवायचं. यायचं नाही असं ठरलं, तर तिला बोल लावू नकोस, मला लाव.

ती एकटी परत आली तर मी काही विचारणार नाही. शनिवारी मोटार येते तेव्हा मी फाट्यावर असेन. पुढच्या शनिवारीही असेन.

शिवलिंग